हंगाम आणि चुकारा

वर्धा जिल्ह्यात 'हंगाम' हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम कापूस उभा राहतो. दसऱ्याच्या आगेमागे पहिला वेचा घरी आला, की हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सेलू येथील जिनांना जाग येते. बाजार समितीच्या आवारात एकेकाळी बैलगाड्यांच्या आणि आता ट्रॅक्टर-मेटॅडोरांच्या रांगा लागतात. मापाऱ्यापासून अडत्यापर्यंत, जिनात राबणाऱ्या बायांपासून गठाणी उचलणाऱ्या हमालांपर्यंत आणि फाटकाबाहेर चहाची टपरी लावून बसलेल्या म्हातारीपर्यंत प्रत्येकाचे वर्षाचे गणित त्या चार-पाच महिन्यांवर बेतलेले असते. म्हणूनच 'यंदा हंगाम बुडाला' असे आमच्याकडे कोणी म्हणाला, तर केवळ पीक गेले एवढाच त्याचा अर्थ होत नाही. त्या पिकामागे उभ्या असलेल्या शेकडो हातांची रोजी गेली, असा तो अर्थ असतो. या शब्दाचा सख्खा भाऊ म्हणजे 'चुकारा'. विकलेल्या मालाचे पैसे हाती पडणे म्हणजे चुकारा होणे. १९७२ साली राज्य शासनाने एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली, तेव्हा माल एकदाच द्यावयाचा आणि पैसे हप्त्याहप्त्याने घ्यावयाचे, ही रीत विदर्भाच्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडली, आणि 'चुकारा थकला' हे दोन शब्द प्रत्येक घरच्या बोलण्यात येऊन बसले. चुकारा ही कोणाची मेहेरबानी नव्हे आणि बक्षिसीही नव्हे; माल मोजून दिलेला असतो, त्याचे ते देणे असते, हे आमच्या जिल्ह्यातील निरक्षर माणसालाही कोणी समजावून सांगावे लागत नाही.

हे दोन शब्द मनात बाळगूनच मी एका अत्यंत दूरच्या प्रकरणाकडे आणि नंतर एका अगदी जवळच्या प्रकरणाकडे वळलो. दूरचे प्रकरण उत्तर अमेरिकेतील, बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीचे. जवळचे पुण्याच्या बालेवाडीचे, आपल्या मैदानी हॉकीचे. दोन्हींत तक्रार एकच होती, मात्र ती मांडण्याची आणि मिटविण्याची साधने इतकी भिन्न होती, की दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवल्यावाचून आपल्याकडील खेळाडूचे खरे दैन्य ध्यानात येणे कठीण.

बर्फावरील हॉकी हा विषय वर्ध्याच्या वाचकापुढे मांडताना थोडा संकोच वाटतो, हे खरे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जाणाऱ्या या मुलखात बर्फ म्हणजे कारखान्यातून लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून सायकलीवर येणारी लादी, जी लग्नाच्या मांडवातील पाण्याच्या पिंपात पडावयाच्या आत अर्धी झालेली असते. परंतु ज्या संघाची हकीकत मला सांगावयाची आहे, त्याच्या गावीही नैसर्गिक बर्फ पडत नाही. अमेरिकेच्या दक्षिण टोकाशी समुद्राकाठी, ताडा-माडांच्या रांगांमध्ये वसलेल्या फ्लॉरिडा प्रांतातील टॅम्पा या शहरात १९९२ साली 'टॅम्पा बे लायटनिंग' हा व्यावसायिक संघ उभा राहिला. तेथे सिमेंटच्या जमिनीखाली नळ्यांचे जाळे घालून, त्यांतून अतिथंड खारे द्रव खेळवून, वर जेमतेम एक-सव्वा इंच जाडीचा बर्फाचा थर गोठवितात. आमच्या बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याच्या हौदात डबे बुडवून लादी गोठवितात, तेच हे तत्त्व. बाहेर उकाडा आणि आत हिवाळा, असा हा खेळ यंत्राच्या, विजेच्या आणि रात्रंदिवस यंत्राशेजारी जागणाऱ्या माणसांच्या बळावर चालतो. खेळाडू दिसतात, ही माणसे दिसत नाहीत. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

७ जून २००४ रोजी या संघाने कॅल्गरीच्या संघाचा सातव्या व निर्णायक सामन्यात पराभव करून स्टॅन्ली चषक जिंकला. संघनायक डेव्ह अँड्रेचुक याच्या चाळीस वर्षांच्या आयुष्यातील बावीस हंगाम या क्षणाची वाट पाहण्यात गेले होते. नव्या विजेत्यांचा ध्वज पुढील ऑक्टोबरात आपल्या प्रेक्षकांसमोर छताला चढवावयाचा आणि विजेतेपदाच्या रक्षणार्थ बर्फावर उतरावयाचे, हा शिरस्ता. परंतु तो ऑक्टोबर आला, तेव्हा त्या शहरात हॉकी नव्हती, आणि पुढील एप्रिल उलटला तरी ती नव्हती. १६ सप्टेंबर २००४ पासून नॅशनल हॉकी लीगच्या तीसही संघमालकांनी खेळाडूंना टाळे लावले होते.

येथे एका शब्दापाशी थांबणे भाग आहे. २०२०च्या महामारीपासून 'टाळेबंदी' म्हटले, की घराघरांत कोंडलेली माणसे आपणांस आठवतात. परंतु ज्या जिल्ह्यात हिंगणघाट आणि पुलगाव यांसारखी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडगिरण्या पाहिलेली गावे आहेत, तेथे या शब्दाला त्याहून जुना आणि नेमका अर्थ होता. कामगार काम थांबवितो तो संप. मालक फाटक बंद करून कामगाराला बाहेर ठेवतो ती टाळेबंदी. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने या दोहोंच्या व्याख्या पृथक् दिल्या, त्या उगीच नव्हेत. अमेरिकेतील त्या वर्षाविषयी बोलताना 'खेळाडूंनी संप केला' असे पुष्कळजण म्हणत आले. ते साफ चूक आहे. खेळाडू खेळावयास तयार होते. जुना करारनामा संपला होता, नवा होत नव्हता, आणि तो आपल्या अटींवर होईपर्यंत मालकांनी फाटक लावून घेतले होते.

तंट्याचे मूळ जमाखर्चात होते. लीगने नेमलेल्या आर्थर लेव्हिट यांच्या अहवालाने २००२-०३च्या हंगामात साऱ्या संघांचा मिळून २७ कोटी ३० लक्ष डॉलर तोटा दाखविला आणि उत्पन्नाचा पाऊण हिस्सा खेळाडूंच्या वेतनावर जातो, असा निष्कर्ष काढला. खेळाडूंच्या संघटनेने तो हिशेब मान्य केला नाही. लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांचे म्हणणे असे, की प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चास कमाल मर्यादा घातल्यावाचून हा धंदा टिकणार नाही. संघटनेचे प्रमुख बॉब गुडनाउ यांचे म्हणणे असे, की बोली लावणारे मालक, आणि बोलीला आळा मात्र खेळाडूच्या खिशातून घालावयाचा, हा न्याय नव्हे. ९ डिसेंबरास खेळाडूंनी आपणहून चालू वेतनात चोवीस टक्के कपात देऊ केली. एवढी मोठी सूट देऊनही तडजोड झाली नाही, कारण मालकांना कपात नको होती, मर्यादा हवी होती. फेब्रुवारीच्या मध्यास संघटनेने मर्यादेचे तत्त्वही स्वीकारले आणि तंटा केवळ आकड्यावर येऊन ठेपला. मालक म्हणाले, प्रत्येक संघास ४ कोटी २५ लक्ष डॉलर. खेळाडू म्हणाले, ४ कोटी ९० लक्ष. ज्या व्यवसायाचे वर्षाचे उत्पन्न दोन अब्ज डॉलरांच्या वर होते, त्यात एका संघामागे ६५ लक्ष डॉलरांची तफावत मिटविता आली नाही, आणि १६ फेब्रुवारी २००५ रोजी बेटमन यांनी साखळीचे सर्व १,२३० सामने आणि त्यापुढील चषकाची लढत रद्द झाल्याचे जाहीर केले.

अमेरिका-कॅनडातील एखाद्या मोठ्या व्यावसायिक खेळाचा समग्र हंगाम मजुरीच्या वादापायी बुडाल्याचे ते पहिलेच उदाहरण. स्टॅन्ली चषकाची लढत त्यापूर्वी एकदाच अनिर्णित राहिली होती, १९१९ साली. तेव्हा इन्फ्लुएन्झाच्या साथीने सिॲटल येथे खेळाडू अंथरुणास खिळले आणि जो हॉल नावाचा एक खेळाडू दगावला. महामारीने जे एकदा केले, ते माणसांच्या हट्टाने दुसऱ्यांदा घडविले. आणि जुलै २००५ मध्ये अखेर जो करार झाला, त्यात वेतनाची मर्यादा ३ कोटी ९० लक्ष ठरली, म्हणजे फेब्रुवारीत खेळाडूंनी नाकारलेल्या आकड्याहूनही खाली. शिवाय चोवीस टक्क्यांची कपात होतीच. तीनशे दहा दिवसांनंतर हाती आले ते इतकेच. गुडनाउ यांनी त्याच महिन्यात पद सोडले.

टॅम्पाच्या विजेत्यांची त्या वर्षात वाताहत झाली. व्हिन्सेंट लकॅव्हलिए, ब्रॅड रिचर्ड्स आणि गोलरक्षक निकोलाय खाबिबुलिन हे रशियातील कझान येथे जाऊन खेळले, मार्टिन सेंट लुई स्वित्झर्लंडमध्ये. नामांकित खेळाडूंना परदेशी पोट भरण्याची सोय होती. टाळे उघडल्यावर नव्या मर्यादेत खाबिबुलिनला राखणे टॅम्पाला साधले नाही, आणि ज्या संघाने चषक जिंकला होता, तो तसाच्या तसा पुन्हा कधी बर्फावर उतरला नाही. पण माझे मन त्यांच्यापाशी फार वेळ रेंगाळत नाही. बर्फाच्या थराची रात्रपाळी करणारा कारागीर, तिकिटाच्या खिडकीतील बाई, प्रेक्षागाराबाहेर गाड्या लावून देणारा पोरगा, सामन्याच्या रात्री दुप्पट गिऱ्हाईक होणारा खानावळवाला यांना कझानचे आमंत्रण येत नसते. वाटाघाटीच्या मेजाभोवती मालक आणि खेळाडू असे दोनच पक्ष बसले होते. हा तिसरा पक्ष कोणत्याही मसुद्यात नव्हता, आणि बुडालेल्या हंगामाची भरपाई त्याला कोणत्याही कलमाने मिळाली नाही.

या तिसऱ्या पक्षाची आम्हां मराठी माणसांस जुनी ओळख आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांनी संप पुकारला, तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. त्या संपाच्या इतिहासात मागण्या, मालक आणि पुढारी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु गिरणगावातील चाळींत एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा कामगारांना जेवू घालणाऱ्या ज्या खानावळवाल्या बाया होत्या, आणि ज्यांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले होते, त्यांच्या चुलीचे काय झाले, हे फारच थोड्यांनी विचारले. गिऱ्हाईक कोकणात आणि देशावर परतले. उधारीच्या वह्या मात्र त्या बायांपाशी राहिल्या.

आता बालेवाडीकडे वळू.

जानेवारी २०१०. दिल्लीत २८ फेब्रुवारीपासून पुरुषांच्या हॉकीची विश्वचषक स्पर्धा भरावयाची होती आणि भारतीय संघाचे सराव शिबिर पुण्यात श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात चालू होते. स्पॅनिश प्रशिक्षक होझे ब्रासा यांच्या हाताखाली बावीस खेळाडू तेथे मुक्कामास होते. राजपाल सिंग हा संघनायक. स्पर्धेस जेमतेम सात आठवडे उरले असता या बावीस जणांनी सराव थांबविला. कारण थकलेला चुकारा. आदल्या वर्षी त्यांनी जे सामने खेळले, ज्या स्पर्धा जिंकल्या, एप्रिल २००९ मध्ये मलेशियातील अझलन शाह चषक घरी आणला, त्यापोटी कबूल केलेले पैसे त्यांच्या हाती पडलेले नव्हते. प्रत्येकी सुमारे साडेचार लक्ष रुपये, असा त्यांचा दावा. हॉकी इंडिया या नव्यानेच स्थापन झालेल्या संस्थेने तिजोरी रिकामी असल्याचे सांगून प्रत्येकी पंचवीस हजार देऊ केले. खेळाडूंनी ते घेतले नाहीत. मग मुदत घालून देण्यात आली, कारवाईचा इशारा आला, दुसरा संघ उभा करण्याची भाषा झाली.

हा सारा व्यवहार किती रकमेचा होता, याचा हिशेब कोणीही बोटांवर करू शकेल. बावीस गुणिले साडेचार लक्ष म्हणजे नव्व्याण्णव लक्ष. ज्या खेळात या देशाने ऑलिंपिकची आठ सुवर्णपदके मिळविली, ज्याच्या विश्वचषकासाठी राजधानीतील ध्यानचंद मैदान नव्याने बांधून सज्ज होत होते, त्या खेळातील राष्ट्रीय संघाचा सराव एका कोटीहून किंचित कमी अशा देण्यापायी बंद पडला होता.

या नादारीमागे एक पूर्वपीठिका होती, ती सांगितल्यावाचून हॉकी इंडियावर सारा दोष ठेवणे उचित होणार नाही. मार्च २००८ मध्ये चिली देशातील सँटियागो येथे भारतीय संघ हरला आणि ऐंशी वर्षांत प्रथमच ऑलिंपिकला अपात्र ठरला. पुढच्याच महिन्यात जुन्या भारतीय हॉकी महासंघाच्या एका पदाधिकाऱ्यावर संघनिवडीसाठी लाच घेतल्याचा आरोप झाला, ऑलिंपिक संघटनेने तो महासंघ निलंबित केला, आणि त्यानंतर कारभार कोणाचा, दप्तर कोणाकडे, पुरस्कर्त्याचा पैसा कोणत्या खात्यात, या भांडणात दोन वर्षे गेली. संस्थेचे नाव बदलले, पदाधिकारी बदलले, मुख्यालय बदलले. देणेकरी मात्र कोणीच ठरेना. खेड्यात सहकारी संस्था बरखास्त होऊन प्रशासक बसतो, तेव्हा सभासदाच्या ठेवीचे जे होते, तेच येथे झाले. जुना म्हणतो नव्याकडे जा, नवा म्हणतो जुन्याकडे माग.

आणि त्याही मागे एक जुना डाग होता. पुण्याच्याच खडकीचा धनराज पिल्ले, चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला आपला अलौकिक आघाडीपटू, १९९८ साली बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत संघनायक होता. बत्तीस वर्षांनी भारताला त्या स्पर्धेत हॉकीचे सुवर्ण मिळाले. परतल्यावर धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर ठेवले गेले. विश्रांती दिली, असे अधिकृत कारण. परंतु सामन्याच्या मानधनाविषयी आणि गैरसोयींविषयी त्यांनी तोंड उघडले, त्याची ही शिक्षा, असाच समज देशभर झाला. जो मुलगा खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या काठ्या दोरीने बांधून खेळ शिकला, त्याने आपले देणे मागितले, तर तो कृतघ्न ठरतो, ही गोष्ट बालेवाडीतील बावीस जणांना बारा वर्षांनंतरही ठाऊक असणारच. तरीही ते बसले. त्यांच्यात बहुतेक रेल्वे, पोलीस, विमान कंपनी, तेल कंपनी यांच्या नोकरीतले. देशासाठी खेळावयाचे आणि घर चालवावयाचे ते दुसऱ्याच मालकाच्या पगारावर, अशी त्यांची अवस्था. संपकरी म्हणून त्यांच्यापाशी संघटना नव्हती, वकील नव्हता, लेखी करारनामाही नव्हता. बेटमन आणि गुडनाउ निदान छापील कागदावरील कलमांवर भांडत होते. येथे भांडावयास कागदच नव्हता.

चार-पाच दिवस हे चालले. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर हॉकी आली, जी विजयाने आली नसती. निरनिराळ्या राज्यांतून मदतीची आश्वासने आली. १३ जानेवारीस ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष सुरेश कलमाडी आणि हॉकी इंडियाचे अध्यक्ष ए. के. मट्टू यांच्या उपस्थितीत पुण्यात समेट झाला; पुरस्कर्ता असलेल्या सहारा समूहाने एक कोटी रुपये खेळाडूंसाठी देण्याचे मान्य केले आणि सराव पुन्हा सुरू झाला. त्याच दिवसांत भोपाळच्या शिबिरातील महिला खेळाडूंनीही काळ्या फिती लावून आपल्या थकबाकीकडे लक्ष वेधले, सुरिंदर कौर ही त्यांची संघनायिका. पुरुषांच्या बैठकीस अध्यक्ष धावून आले. महिलांना मात्र जनतेकडून देणग्या मागण्यासाठी बँकेत खाते उघडावे लागले. या एका गोष्टीने मला जितके लज्जित केले, तितके साऱ्या प्रकरणातील दुसऱ्या कशानेही केले नाही. आपला चुकारा आपल्या मुलींनी देणगी म्हणून मागावा!

२८ फेब्रुवारीस दिल्लीत, गच्च भरलेल्या मैदानात, त्याच बावीस जणांतून निवडलेल्या संघाने पाकिस्तानचा ४-१ असा पराभव केला. पैशाच्या मागे लागलेले खेळाडू देशासाठी काय खेळणार, असे जे म्हणत होते, त्यांना त्या रात्रीनंतर बोलावयास जागा उरली नाही. पुढे संघ आठव्या स्थानी राहिला आणि १३ मार्चला ऑस्ट्रेलियाने जर्मनीला २-१ असे नमवून चषक नेला, हेही तितकेच खरे. सात आठवड्यांच्या तयारीतील बुडालेल्या दिवसांनी किती हानी केली, हे मोजता येत नाही. पण ती करणारे खेळाडू नव्हते, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या मते या रोगाचे मूळ भाषेत आहे. आपल्या क्रीडासंस्थांच्या दप्तरात खेळाडूच्या पैशाला 'मानधन', 'प्रोत्साहनपर रक्कम', 'बक्षीस', 'गौरवनिधी' अशी नावे आहेत. 'वेतन' किंवा 'देणे' हा शब्द नाही. बक्षीस देणाऱ्याच्या लहरीवर असते, त्याला मुदत नसते, ते न दिल्यास दिवाणी दावा होत नाही, आणि ते मागणारा भिकारी किंवा उद्धट ठरतो. देण्याला मात्र रक्कम असते, तारीख असते, आणि चुकल्यास व्याज असते. शासन विजेत्या खेळाडूंवर कोट्यवधींचा वर्षाव करते, त्याचा मला आनंदच आहे. परंतु एखाद्या विजयानंतर कोटी देणारा हात आणि वर्षभराच्या मेहनतीचे साडेचार लक्ष थकविणारा हात हे दोन्ही एकाच वृत्तीचे आहेत, कारण दोन्ही ठिकाणी पैसा हक्क म्हणून जात नाही, प्रसाद म्हणून जातो.

मग मार्ग कोणता? तो शोधावयास वर्ध्याच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही. शहरापासून आठ किलोमीटरांवर सेवाग्रामच्या आश्रमात गांधींचे सचिव महादेवभाई देसाई यांची कुटी आहे. या महादेवभाईंनी 'एक धर्मयुद्ध' या गुजराती पुस्तकात १९१८ सालच्या अहमदाबादच्या गिरणी तंट्याची हकीकत लिहून ठेविली आहे. त्या तंट्याचा आरंभ संपाने झाला नव्हता; २२ फेब्रुवारी १९१८ रोजी मालकांनी टाळेबंदी जाहीर केली होती. प्लेगच्या दिवसांत दिलेला भत्ता बंद झाला, महागाई वाढली. मालक वीस टक्के वाढ देण्यास राजी होते, कामगारांची मागणी गांधींनी हिशेब तपासून पस्तीस टक्क्यांवर आणून ठेविली. एका बाजूस मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई, दुसऱ्या बाजूस कामगारांसाठी झटणारी त्यांचीच बहीण अनसूयाबेन. १५ मार्चला गांधींनी उपोषण आरंभिले आणि १८ मार्चला तोड निघाली. ती तोड पाहण्याजोगी आहे. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांची राहिली. तिसऱ्या दिवसापासून साडेसत्तावीस टक्के, आणि अंतिम आकडा लवादाने ठरवावयाचा. आनंदशंकर ध्रुव हे लवाद झाले आणि त्यांचा निवाडा पस्तीस टक्क्यांचा आला.

आपल्या उपोषणाचा मालकांवर अनुचित दाब पडला, ही त्यातील उणीव गांधींनी पुढे आत्मकथेत स्वतःच नमूद केली, आणि ती मान्य करूनच मी म्हणतो, की त्या समेटाचा गाभा उपोषणात नव्हता. काम चालू राहावे आणि आकड्याचा निवाडा दोहोंनी मानलेल्या त्रयस्थाने करावा, हा तो गाभा होता. फेब्रुवारी २००५ मध्ये ४ कोटी २५ लक्ष आणि ४ कोटी ९० लक्ष यांच्यामध्ये असा एखादा ध्रुव बसला असता, तर टॅम्पाच्या संघाने आपला ध्वज उशिरा का होईना, त्याच हंगामात चढविला असता आणि बर्फाच्या कारागिराची उरलेली रोजी बुडाली नसती. एकेका खेळाडूच्या वेतनाच्या तक्रारीसाठी त्या लीगमध्ये लवादाची तरतूद होती; साऱ्यांच्या मूळ तक्रारीवर मात्र दोन्ही पक्षांनी त्रयस्थाला बसविले नाही. बालेवाडीत तर खेळाडूंच्या बाजूने सही करावयास कायम संघटनाच नव्हती, आणि ज्याची संघटना नाही, त्याच्यासाठी लवाद नेमणार तरी कोण? म्हणून खेळाडूंची संघटना हा बंडखोरीचा अड्डा नव्हे. समेटासाठी लागणारा तो दुसरा पक्ष आहे, असे क्रीडाधुरीणांनी समजून घेतले पाहिजे.

त्यानंतर आपल्याकडे हॉकीच्या व्यावसायिक लीगही निघाल्या. २०१२ साली आठ संघांची वर्ल्ड सिरीज हॉकी झाली. मुंबई आणि पुणे यांचे संघ तीत होते, आणि २ एप्रिलला मुंबईच्या महिंद्र मैदानावर पुण्याचा संघ अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाबकडून हरला. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची तिला मान्यता नव्हती. भारतातील दोन संस्थांचा अधिकाराचा वाद मिटलेला नव्हता. त्याच डिसेंबरात व्हावयाचा दुसरा हंगाम लांबणीवर पडला आणि तो झालाच नाही. २०१३ साली सुरू झालेली हॉकी इंडिया लीगही २०१७ नंतर काही वर्षे बंद राहून २०२४च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली आहे. तिच्या वाढीची मला मनापासून इच्छा आहे.

आता कबड्डी, कुस्ती, खो-खो, हॉकी अशा प्रत्येक खेळाची लीग निघाली आहे, आणि वर्धा, यवतमाळ, अमरावतीच्या खेड्यांतील मुले-मुली तीत निवडली जाण्याची स्वप्ने पाहत आहेत. ज्या घरांनी कापसाच्या चुकाऱ्यासाठी महिनोन् महिने खेपा घातल्या, त्याच घरांतील ही मुले. त्यांच्या आईवडिलांना माझी एवढीच विनंती आहे: मुलाने किंवा मुलीने संघाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा, त्यात रक्कम किती याबरोबरच ती कोणी आणि कोणत्या तारखेस द्यावयाची, आणि तंटा झाल्यास निवाडा कोणी करावयाचा, हे लिहिले आहे की नाही ते पाहावे, आणि लिहिलेले नसेल, तर लिहून मागावे.